शेवटचे अठरा किलोमीटर

(२०२४ च्या गणेशोत्सवात, मंडळाच्या सभासदांच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्याकडे दरवर्षी या संध्याकाळी कुणीतरी आपल्या प्रवासाविषयी बोलतं. मागच्या वर्षी युरोप ऐकलं, त्याआधी चारधाम ऐकलं. यंदा कार्यवाहांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी यंदा फार लांब गेले नाही. सिल्वासाला गेले होते. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. पण खरंच सांगते, मी दोन रात्री आणि तीन दिवस सिल्वासाची सहल केली. हॉटेलात राहिले, हॉटेलात जेवले, रिक्षावाल्यांशी भांडले. घरापासून हॉटेल अडीच किलोमीटरवर. छत्तीस वर्षं या गावात काढल्यावर या गावात पाहुण्याचं काय होतं, ते मला पहिल्यांदा कळलं. तेच आज सांगायचं आहे. आणि शेवटी मंडळाकडे एक मागणंही आहे, तेव्हा मधेच उठून जाऊ नका.

झालं असं. माझे मोठे मामा पुण्याचे. वय चौऱ्याऐंशी. हल्ली ते बोरिवलीला मुलीकडे असतात. जून महिन्यात त्यांचा फोन आला. म्हणाले, "या दोन ऑगस्टला मी तुझ्याकडे येतोय. झेंडावंदनाला मला उभं राहायचंय. सत्तर वर्षं होतील. पुढच्या वेळेची खात्री नाही."

आता दोन ऑगस्ट म्हणजे काय, ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. पण मुलं मागे बसली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. १९५४ सालच्या पावसाळ्यात हा मुलूख पोर्तुगिजांकडून सुटला. आधी २२ जुलैला दादरा, मग २८ ला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्यात गोव्याचे लोक होते, आझाद गोमंतक दल होतं, पुण्यामुंबईहून आलेले संघाचे स्वयंसेवक होते, कम्युनिस्ट कार्यकर्ते होते आणि इथले वारली होते. आपले सुधीर फडके त्यात होते, बाबासाहेब पुरंदरे होते. लता मंगेशकरांनी या कामाच्या मदतीसाठी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. सैन्य नव्हतं, सरकारी हुकूम नव्हता. पुढे सात वर्षं वरिष्ठ पंचायतीनं इथला कारभार पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला. त्या करारावर सही करायला समोर भारताचे पंतप्रधान नेहरू, मग आपल्या बाजूनंही पंतप्रधानच हवा. म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला त्या कामापुरतं इथला पंतप्रधान केलं होतं. आपल्या एवढ्याशा गावालाही पंतप्रधान होता, हे मुलांनी शाळेत जरूर सांगावं.

मामांचं यात काय? मामांचे धाकटे काका, सगळे त्यांना बापूकाका म्हणत, त्या जुलैच्या शेवटी पुण्याच्या घरातून कुणाला न सांगता गेले. दहा-बारा दिवसांनी परत आले ते तापानं फणफणलेले, पायाला फोड आलेले. घरात सांगितलं, मुंबईला कामाला गेलो होतो. मामा तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांना एकट्याला बापूकाकांनी एक वाक्य सांगितलं होतं, "वापीला उतरलो आणि रात्रभर पावसात चालत सेलवासला गेलो." बस. पुढे जन्मभर त्यांनी त्याचा उच्चार केला नाही, निवृत्तिवेतन मागितलं नाही, कुठल्या यादीत नाव घातलं नाही. मामांना ती वापीहून सेलवासची वाट एकदा बघायची होती.

आता माझी अडचण ऐका. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट जुलैपासून बंद. मामांचा उजवा गुडघा कामातून गेलेला. आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवड्यापूर्वीच झालेलं, त्यामुळे गाडी खाली उभी पण चालवणारं कुणी नाही. मुलगा बंगळूरला. मी गाडी शिकले नाही, तो दोष माझा. तेव्हा ठरलं की मामांसाठी हॉटेलात खोली घ्यायची आणि सोबतीला मी राहायचं. सख्खी भाची गावात असताना मामा हॉटेलात! माझ्या आईला कळलं असतं तर तिनं मला उभी केली नसती. पण इलाज नव्हता, असं मला तेव्हा वाटलं. ते खरं होतं का, ते पुढे सांगते.

दोन ऑगस्टला शुक्रवार होता. मी वापीला स्टेशनवर आणायला गेले. गाडी पाऊण तास उशिरा आली. तरी साडेआठ झाले होते, नऊचं झेंडावंदन. अठरा किलोमीटर, अर्ध्या तासात पोचू असा माझा हिशेब. छत्तीस वर्षांत मी हे अंतर आमच्याच गाडीनं किंवा कंपनीच्या बसनं कापलेलं. पाहुण्यासारखी स्टेशनबाहेर पिशवी घेऊन उभी राहिले ती त्याच दिवशी.

फोनवरून गाडी मागवली. ती आली नाही. दुसरी मागवली, त्यानं फोन करून विचारलं कुठे जायचं, सिल्वासा म्हटल्यावर त्यानं ती रद्द केली. तिसऱ्यानं तेच केलं. मग रिक्षा. शेअर रिक्षावाला सीट भरल्याशिवाय हलेना. मी सगळ्या सीटचे पैसे देते म्हटलं, तर त्यानं सुट्टीचा दिवस म्हणून भाव वाढवला. पावसात मामांना किती वेळ उभं करणार? बसलो. हायवेच्या चौकात वाहनं अशी अडकलेली की रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून चहा पिऊन घेतला. डुंगरा ओलांडून दादऱ्याच्या चेकपोस्टपाशी आलो आणि त्यानं रिक्षा बाजूला घेतली. "मावशी, माझी गाडी जीजे पंधराची. आज बंदोबस्त आहे. पुढे नाही नेणार. इथून तुमच्याकडची रिक्षा मिळेल."

मी चिडले, भांडले, गुजराती-हिंदी-मराठी तिन्ही भाषांत भांडले. काही उपयोग झाला नाही. शेवटी चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली मामा पिशवीवर बसले आणि मी रस्त्यावर हात दाखवत उभी राहिले. नऊ वाजून गेले होते. मला रडू यायचं बाकी होतं. आणि मामा हसत होते.

म्हणाले, "अगं, याच वाटेवरून पोर्तुगाल हेगच्या कोर्टात गेला होता, ठाऊक आहे ना तुला?"

मला ठाऊक नव्हतं, खोटं कशाला बोलू? मामा निवृत्त शिक्षक, त्यांनी टपरीत तास घेतला. दमण समुद्राकाठी, पोर्तुगिजांचं. दादरा आणि नगर हवेली आत, तेही पोर्तुगिजांचं. मधे भारत. बरं, दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्येही पुन्हा भारताचा पट्टा. आजही आपण वापीहून येताना आधी गुजरात, मग दादरा, मग पुन्हा थोडं गुजरात, आणि मग आपण. ही सगळी गावं त्यांना दिली आपल्या पेशव्यांनीच. १७७९ चा पुण्याचा तह, त्यात बारा हजार रुपयांचा महसूल देण्याचं कबूल केलं आणि पुढे १७८३ आणि १७८५ मध्ये गावं लावून दिली. हेगच्या कोर्टानं हे कागद तपासून सांगितलं की मराठ्यांनी महसूल दिला होता, राज्य नव्हे. तर १९५४ मध्ये दमणच्या गव्हर्नरला दादऱ्याला जाऊन यायला २१ जुलैपर्यंत परवाना मिळाला होता. त्यानंतर भारतानं वाट बंद केली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालनं दावा लावला की आम्हाला या वाटेनं जायचा हक्क आहे. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना नव्हता. आणि भारतानं १९५४ मध्ये वाट अडवली त्यात काही बेकायदा केलं नाही.

एवढं सांगून मामा म्हणाले, "मी साधा माणूस आहे. छत्री सोडली तर हातात काही नाही. मला जायला कोर्टाची हरकत नाही, रिक्षावाल्याचीच आहे!"

टपरीवाला मराठी समजणारा निघाला. त्यानंच ओळखीचा सिल्वासाचा रिक्षावाला थांबवला. आम्ही गावात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. बोरिवलीहून वापीला आगगाडीला लागला तेवढाच वेळ या अठरा किलोमीटरला लागला. मैदानावर कुणी नव्हतं. खुर्च्या उचलण्याचं काम चाललं होतं. मी मामांकडे बघायला धजत नव्हते. त्यांनी रिक्षातूनच मान वर करून बघितलं. "झेंडा वर आहे ना? मग झालं." मग खाली उतरून, काठी डाव्या हातात घेऊन, ओल्या मैदानाच्या कडेला ते दोन मिनिटं उभे राहिले. रिक्षावालाही उतरून उभा राहिला. भाडं त्यानं ठरल्यापेक्षा वीस रुपये कमी घेतलं.

आता हॉटेल. नाव सांगत नाही, कारण त्यांनी जे केलं ते कुठलंही हॉटेल करतं. खोली बारा वाजता मिळणार, तोवर सोफ्यावर बसा. मामांचं आधारकार्ड बोरिवलीला राहिलेलं. पेन्शनचं ओळखपत्र चालेल का यावर तिघांची बैठक झाली. चालेल असं ठरलं तोवर झेरॉक्सचं यंत्र बंद पडलं. खोली मात्र छान, स्वच्छ, थंडगार. इतकी थंडगार की मामा स्वेटर घालून बसले, कारण ते यंत्र कमी कसं करायचं ते आम्हा दोघांनाही जमलं नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार अशी जोडून सुट्टी. पलीकडे गुजरातमध्ये दारूबंदी, इकडे नाही. म्हणजे त्या तीन दिवसांत सिल्वासाची हॉटेलं कशासाठी भरतात ते तुम्हाला माहीत आहे. आपण आपापल्या घरी झोपतो म्हणून आपल्याला त्रास नसतो. रात्री बारा वाजेपर्यंत तलावाकाठी डीजे. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी खाली जाऊन सांगून आले, आवाज पाच मिनिटं कमी झाला. मामा म्हणाले, "राहू दे. कुणाला दारू पिण्याचं स्वातंत्र्य, कुणाला झोपण्याचं. बहुमत त्यांचं आहे."

जेवणाची गोष्ट त्याहून अवघड. मामांना मधुमेह. साडेसातला जेवायचं, मऊ भात, वरण, एखादी भाकरी. बुफे आठला सुरू. मेनूकार्डात पनीर सतरा प्रकारचं, नूडल्स, पिझ्झा, थाई रस्सा, सगळं. साधं वरण नाही. दाल आहे, पण ती तडक्याची, लोण्याची. मी घरून डबा आणला असता, तर दारात पाटी: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. मी वाढप्याला म्हटलं, अरे, नुसता भात मऊ शिजवून दे, वर हळद-मीठ घातलेली डाळ दे, पैसे पूर्ण घे. वाढपी मुलगा वीस-बावीस वर्षांचा, खानवेलच्या बाजूचा. आत जाऊन आला आणि म्हणाला, "आचारी म्हणतो वेळ लागंल. पण आमचं जेवन तयार हाय. नागलीची भाकर अन् उडदाची डाळ. आजोबांना चालंल का?"

चालेल का! हॉटेलातल्या कामगारांच्या जेवणातली नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर आली. मामा तीन महिन्यांत जेवले नसतील तेवढे जेवले. त्यांनी मुलाला विचारलं, "तुमच्याकडे भाकरीला भाकरच म्हणतात?" मुलगा म्हणाला, "मग दुसरं काय म्हननार?" बिलात त्या जेवणाचे पैसे नव्हते. मी विचारलं तर म्हणाला, "ते मेनूत नाय, मशीनमधे कसं मारू?"

मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती फक्त डीजेमुळे नव्हे. मला १९८८ चा जून आठवत होता. ह्यांना पिपरियाच्या सूत कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दोन ट्रंका घेऊन वापीला उतरलो. असाच पाऊस. गाडी नाही, फोन नाही, ओळख नाही. एका टेम्पोत ट्रंकांवर बसून आलो. आमलीतल्या चाळीत खोली मिळाली, पण गॅस नाही, रॉकेल नाही. शेजारच्या जळगावच्या वहिनींनी दारातच विचारलं, "जेवण झालं का?" आठ दिवस आम्ही त्यांच्याकडे जेवलो. पहिल्या पगाराला मी पैसे द्यायला गेले तर त्या रागावल्या. पुढे माझ्याकडे गॅस आला तेव्हा कोल्हापूरहून नवं जोडपं आलं, ते माझ्याकडे जेवलं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आपलं हे मंडळ असंच जमलं, वर्गणीची पावती नंतर छापली गेली. तो वापीचा रस्ता तेव्हाही वाईट होता. किंबहुना आजच्यापेक्षा जास्त वाईट. पण पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे, हे माहीत असल्यानं तो कमी वाटायचा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पाऊस जरा थांबला. कालचाच रिक्षावाला दिवसभरासाठी ठरवला. मामांना मोठमोठी ठिकाणं बघायची नव्हती. "जे त्या दिवशी होतं, ते दाखव." मी विचारात पडले. मधुबन धरण नंतरचं. कारखाने नंतरचे. बागा नंतरच्या. मग त्यांना चर्चकडे नेलं. आपण रोज त्याच्यावरून जातो. ते पोर्तुगिजांच्या वेळचं, जुनं. मामा समोरच्या बाजूला उभे राहून बराच वेळ बघत होते. "हे बापूकाकांनी बघितलं असणार," म्हणाले. मग नदीवर गेलो. दमणगंगा भरून वाहत होती, लाल गढूळ पाणी. त्यांनी विचारलं, "तेव्हा धरण नव्हतं, म्हणजे ऑगस्टात हिला किती पाणी असेल?" मी काय सांगणार? त्यांनीच हातानं अंदाज केला आणि गप्प झाले.

परत येताना ते म्हणाले, "मला थोडं चालायचंय." म्हटलं, मामा, गुडघा! ऐकेनात. दादऱ्याकडच्या रस्त्याला रिक्षा कडेला लावली. एका बाजूला कारखान्यांच्या भिंती, दुसऱ्या बाजूला ट्रकची रांग, मधे चिखल. छत्तीस वर्षांत त्या रस्त्यानं कुणी हौसेनं चाललेलं मी पाहिलेलं नाही. मामा काठी टेकत निघाले. मी छत्री धरून बाजूला. मागून हॉर्न वाजत होते, एका ट्रकवाल्यानं तोंड बाहेर काढून ओरडूनही घेतलं. मोजून शंभर पावलं चालले. मोठ्यानं मोजत होते. शंभर झाल्यावर थांबले, म्हणाले, "बापूकाका, आलो होतो हं." आणि मला म्हणाले, "चल, भूक लागली."

एवढंच झालं. मला वाटलं होतं आता ते काहीतरी मोठं बोलतील. पण त्यांना जे करायचं होतं ते करून झालं होतं.

आता शेवटचा अंक. रविवारी सकाळी परतीची गाडी. पहाटे सुरतहून सुटणारी फ्लाइंग राणी, वापीला सातच्या आत येते. हॉटेलानं पाच वाजता गाडी देण्याचं रात्री कबूल केलं होतं. पाच वाजता गाडी नाही. रिसेप्शनवरचा मुलगा फोन करतोय, ड्रायव्हर उचलत नाही. बाहेर पाऊस असा की दहा फुटांवरचं दिसेना. रिक्षा नावाला नाही. सव्वापाच. मी फोन हातात घेऊन उभी. कुणाला करायचा? आणि तुम्हाला सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की एवढ्या पहाटे कुणाला कशाला त्रास द्यायचा? छत्तीस वर्षं इथे राहून!

मामांनी विचारलं, "तुमचं ते मंडळ आहे ना गं? त्यात गाडी असलेला एकही माणूस नाही?"

मग मी लाज गुंडाळून ठेवली आणि आपल्या एका पदाधिकाऱ्यांना फोन केला. नाव घेत नाही, समोर बसले आहेत आणि आत्ताच लाजायला लागले आहेत. दुसऱ्या रिंगला उचलला. बारा मिनिटांत हॉटेलच्या दारात. लेंगा, बंडी आणि डोक्यावर टॉवेल. सोबत वहिनींनी थर्मासमध्ये चहा दिलेला. पहाटेचा रस्ता मोकळा, तीस मिनिटांत वापी. गाडी येईपर्यंत ते फलाटावर थांबले, मामांना हात धरून डब्यात बसवून आले. परत येताना मला फक्त एवढंच म्हणाले, "आमचं घर तळमजल्यावर आहे. पायरी एकच. आम्ही दोघंच असतो. तुम्ही मामांना हॉटेलात ठेवलंत?"

मंडळी, मला त्या क्षणी रिक्षावाल्याच्या, हॉटेलाच्या, डीजेच्या सगळ्या तक्रारी विसरायला झाल्या. कारण खरी तक्रार माझ्याविरुद्धच होती. मी विचारलंच नव्हतं. नंतर मी इथल्या चार घरांत सहज बोलले, तर चारही ठिकाणी तेच उत्तर: आम्हाला का नाही सांगितलं? आणि त्याच घरांत उलट विचारलं, तर तिथेही हेच: मागच्या वर्षी आमची आत्या आली होती, आम्हीही तिला हॉटेलात ठेवलं, टॅक्सीला तिप्पट पैसे दिले, कुणाला त्रास कशाला म्हणून. म्हणजे द्यायला सगळे तयार आहेत, मागायला कुणी तयार नाही. आपण सुस्थितीत आलो, घरोघरी गाड्या आल्या, त्याबरोबर ही सवय गेली. आधी जळगावच्या वहिनी दारात येऊन विचारायच्या. आता आपण चौथ्या मजल्यावर दार लावून बसतो आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून अभिमानानं सांगतो.

वापीजवळ डुंगऱ्याला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. मुंबई-अहमदाबाद पाचशे आठ किलोमीटरचा तो मार्ग, त्यातले चारेक किलोमीटर तर आपल्याच प्रदेशातून जातात. चांगली गोष्ट आहे. पण त्या गाडीतून उतरलेली तुमची म्हातारी मावशी पिशवी घेऊन स्टेशनबाहेर येईल, तेव्हा पुढचे किलोमीटर तेच आहेत. ते सरकारनं सुधारायला हवेत, बस वाढवायला हवी, रिक्षाचं परमिट दोन्हीकडे चालायला हवं, हे सगळं खरं. त्यासाठी अर्ज जरूर करू. पण अर्जाला उत्तर येईपर्यंत आपली माणसं येतच राहणार.

म्हणून माझं मागणं. मंडळानं एक यादी करावी. त्यात तीन रकाने. पहिला, ज्यांच्याकडे गाडी आहे आणि जे महिन्यातून एकदा तरी वापीला कुणाच्या पाहुण्याला आणायला-सोडायला जातील. दुसरा, ज्यांचं घर तळमजल्यावर आहे किंवा लिफ्ट चालू आहे आणि जे एखाद्या वृद्ध पाहुण्याला दोन रात्री ठेवून घेतील. तिसरा, ज्यांच्याकडून साधा वरणभाताचा डबा मिळेल. पाहुणा आपला नसला तरी. पैशांचा प्रश्न आला तर पेट्रोलचे घ्यावेत, डब्याचे घ्यावेत, त्यात संकोच नको. संकोचानंच हे सगळं बिघडलं आहे.

आणि चौथी गोष्ट. बापूकाकांनी सत्तर वर्षांपूर्वी एक वाक्य सांगितलं आणि ते एका मुलानं लक्षात ठेवलं, म्हणून ते आज तुमच्यापर्यंत आलं. आपल्यात अशी माणसं आहेत ज्यांनी पंचायतीचा काळ पाहिला आहे, ज्यांच्या वडिलांनी चुलत्यांनी काही पाहिलं आहे. त्यांच्याजवळ बसा, फोनवर रेकॉर्ड करा, वहीत लिहा. एक वाक्य असलं तरी चालेल.

मामांचा परवाच फोन आला होता. गुडघा जरा बरा आहे. विचारत होते, लिफ्ट सुरू झाली का? म्हटलं, झाली. तर म्हणाले, "अरेरे! म्हणजे आता नागलीची भाकरी नाही मिळायची."

मी त्यांना सांगितलंय, मिळेल. त्या मुलाच्या आईकडून पीठ आणलं आहे.



(स्मरणिकेसाठी हा मजकूर देताना: त्या संध्याकाळी सभागृहाच्या दाराशी वही ठेवली होती. आज तिच्यात गाडीच्या रकान्यात चौदा, घराच्या रकान्यात सहा आणि डब्याच्या रकान्यात अकरा नावं आहेत. वर्षभरात नऊ पाहुणे वापीहून आणले गेले. मागणाऱ्यांचा रकाना अजून रिकामाच आहे. मंडळींनी आता तिथेही नाव घालायला शिकावं.)